चार नंबरचा नमुना

मॅडम,

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुमच्या पदव्या वाचून दाखवल्या, शोधनिबंधांची यादी वाचली, तांड्यावरून निघून रसायनशास्त्रात डॉक्टर झालेली पहिली बाई म्हणून तुमचं कौतुक केलं. मग मला उभं केलं. मी म्हणाले, मॅडम कडक होत्या. मॅडमनी मला घडवलं. मॅडमची उणीव भासत राहील. एवढं बोलून खाली बसले. तिन्ही वाक्यं खरीच होती. पण असली वाक्यं माझ्या थिसिसमध्ये दिसली असती तर तुम्ही लाल पेनानं खूण करून बाजूला लिहिलं असतं, "म्हणजे काय?"

म्हणजे काय, ते आता लिहिते.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा एमएस्सी होऊन दोन वर्षं घरी बसले होते. आमचं गाव दारव्ह्यापासून जवळच, घरी कापूस, सोयाबीन, तूर, आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. तुम्ही माझे मार्क विचारले नाहीत. "हात थरथरते का तुहा?" एवढंच विचारलंत. माझ्या हातात एक बारीक पिपेट दिलीत, समोर एक कांडी, म्हणजे इलेक्ट्रोड, उभी केलीत. कांडीचं टोक हरभऱ्याच्या दाण्याएवढं आणि आरशासारखं काळं चकचकीत. "याच्यावर एक थेंब सोड. सांडला नाही पाह्यजे, काठाबाहेर गेला नाही पाह्यजे." मी श्वास रोखून सोडला. थेंब टोकावर गोल बसला. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "ये उद्यापासून."

त्या थेंबात काय होतं ते मला महिन्याभरानं नीट कळलं. एका इवल्याशा बाटलीत काळी भुकटी होती, कार्बनच्या नळ्यांची, केसाहून कितीतरी पटींनी बारीक. माझी आई एकदा लॅब बघायला आली तेव्हा तिनं विचारलं, "हे काजळ हाय का वो?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तिला खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "काजळच समजा. डोळ्यात घालतो तसंच. याच्यानं कांडीले बारीक दिसाले लागते." मग तुम्ही तिला सगळं समजावलंत. कांडीला वीज दिली की पाण्यात मिसळलेलं औषध आपली थोडी वीज सोडतं, ती मशीन पकडते आणि पडद्यावर एक उंचवटा काढते. औषध जास्त तर उंचवटा मोठा. नुसत्या कांडीला थोडं औषध कळत नाही, हे काजळ लावलं की कळतं. आई घरी येऊन बाबांना जे सांगत होती ते मी ऐकलं. माझ्या मुलाखतीत मला तेवढं सोपं सांगता आलं नव्हतं.

त्या उंचवट्याला आपण पीक म्हणायचो, सगळी दुनिया म्हणते तसं. एकदा बाबांचा फोन चालू असताना तुम्ही दारातून ओरडलात, "शीतल, पीक आलं का?" मी म्हटलं, "आलं, पण लहान आहे." तिकडून बाबा म्हणाले, "मॅडमले सांग, आपल्याकडं बी यंदा तसंच हाय." तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही टेबलाला धरून हसलात. हसता हसता एकदम कंबर दाबून धरलीत. मला ते हसणंच आठवत होतं. कंबर धरलेली आता आठवते.

कंबरेचं दुखणं जुनं होतं. कॉलेजला येताना जीप नाल्यात कलंडली होती, मी यायच्या आधी. लॅबमध्ये सगळे तास उभ्यानंच काढायचात. स्टूल दिलं तर म्हणायचात, "बसलं का उठनं होत नाही." दुपारच्या चहाबरोबर पर्समधून काहीतरी काढून तोंडात टाकायचात. मी तुमच्या समोर बसलेली असायचे, मॅडम. आपण दोघी मिळून त्याच गोळीतलं औषध पाण्याच्या थेंबात शोधत होतो. आणि मी एकदाही मान वर करून बघितलं नाही की तुम्ही काय गिळलंत.

डायक्लोफेनॅक. साधी दुखण्याची गोळी, कोणत्याही दुकानात मिळते. मी म्हटलं होतं की एवढी औषधं आहेत, कॅन्सरचं घेऊ, नाव होईल.  रविवारी मला तांड्यावर घेऊन गेलात.

तांड्याच्या मागं उतारावर एक पडीत आहे. मेलेली जनावरं तिथं टाकतात. तुम्ही सात-आठ वर्षांच्या असताना तुमच्या वडिलांचा हिऱ्या नावाचा बैल मेला आणि तुम्ही रडत रडत त्याच्या मागं तिथवर गेलात. मग गिधाडं उतरली. तुम्ही दगड उचललेत. वडिलांनी हात धरला आणि गोरबोलीत, तुमच्या बंजारा बोलीत, काहीतरी म्हणाले, ते तुम्ही मला वऱ्हाडीत सांगितलंत: "मारू नको त्यायले. थे नसते तं आपल्या हिऱ्याले कुत्र्यायनं ओढलं असतं." दुपारपर्यंत नुसती पांढरी हाडं राहिली, आणि तुम्हाला का कोण जाणे, बरं वाटलं.

"मंग थे कधी बंद झाले?" मी विचारलं. तुमच्यासोबत राहून माझी बोलीही घरची व्हायला लागली होती.

"कोनालेच सांगता येत नाही," तुम्ही म्हणालात. "पाव्हना गेला तं समजते. पन जो रोजच येते, थो आला नाही हे समजाले लय दिवस लागते."

जनावरांना हेच औषध टोचायचे. जनावर मेलं की मांसात ते राहायचं, आणि खाणाऱ्या गिधाडाची किडनी एक-दोन दिवसांत बसायची. जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण माणसाच्या औषधाची बाटली ढोराला टोचणारा कोणी असतोच. तुम्हाला अशी पट्टी बनवायची होती, जी कोणीही खिशात घेऊन पडीतावर जाईल, मेलेल्या जनावराला लावेल आणि तिथल्या तिथं सांगेल, हे टाकू नका, पुरा. त्या उतारावर तुम्ही हातवारे करून हे सांगत होतात तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण नुसते आलेख काढत नाही.

तरी भांडले मीच. मला थिसिस पूर्ण करायचा होता. जनावराच्या काळजाचे, म्हणजे यकृताचे, तुकडे कुठून आणणार, ते वाटणार कोण, गाळणार कोण? निबंध तपासणारे लोक माणसाची लघवी मागतात, ती द्यावी आणि मोकळं व्हावं. आठवडाभर आपण त्यावर बोललो, खरं तर ओरडलो. शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं. आंधी मानूस, मंग ढोर."

कॉलेजच्या समितीची परवानगी आली. पाच निरोगी माणसं, कोणतंही औषध चालू नसलेली, अशी अट होती. बाटल्यांवर फक्त नंबर, नावं तुमच्या कपाटात. पद्धत अशी की नमुन्यात आधी काहीच नसलं पाहिजे. मग आपण मोजून औषध टाकायचं आणि कांडी तेवढंच सांगते का ते बघायचं. एक, दोन, तीन, पाच, सगळे कोरे निघाले. चार नंबरला मात्र औषध टाकण्याआधीच पीक आलं.

लघवीतल्या इतर गोष्टींचं पीक वेगळ्या जागी येतं, हे तुम्हीच शिकवलं होतं. हे त्या जागी नव्हतं. बरोबर डायक्लोफेनॅकच्या जागी होतं, आणि लहान नव्हतं. मी कांडी घासली, मखमलीच्या तुकड्यावर आठचा आकडा काढत, तुम्ही दाखवलं होतं तशी. पुन्हा थेंब सोडला, वाळवला, पुन्हा घेतलं. तेच. तिसऱ्यांदा घेतलं. तेच. मग तुम्हाला बोलावलं.

तुम्ही पडद्याकडे किती वेळ बघत होतात! मला वाटलं तुम्ही विचार करताय.

"इलेक्ट्रोड खराब झालं असन," तुम्ही म्हणालात.

"नवीन आहे मॅडम. बाकी चारमध्ये बरोबर चालतंय."

"मंग थो नमुना काढून टाक. गोळी खाल्ली असन कोनं तरी अन् फॉर्मवर खोटं लिहिलं असन. दुसरा आनतो मी."

"मॅडम, पण हे खूप आहे. एखाद दिवस खाल्लेली गोळी नाही वाटत. त्या माणसाला सांगायला नको का?"

तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात. "सांगीन मी त्याले," म्हणालात.

त्याले. मी त्या एका शब्दावर निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी नवी बाटली आली, तिच्यावरही चारच नंबर, ती कोरी होती. निबंध छापून आला. त्यात लिहिलंय की सर्व नमुने औषधमुक्त आढळले.

मग थिसिस जमा झाला आणि मला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत औषधाच्या एका लहान कंपनीत तपासणीचं काम मिळालं. तुम्हाला सांगायला आले ती दुपार मला अजून झोंबते. तुम्ही बाकावर काळजाच्या प्रयोगाची मांडणी काढून ठेवली होती. बाटल्या, गाळणकागद, खल. मी ऑर्डर दाखवली. तुम्ही वाचली आणि घडी करून परत दिलीत.

"अर्धं काम सोडून चालली?"

"माझं काम झालंय मॅडम."

"गिधाडाचं काम कोन करन?"

आणि मी म्हणाले, "गिधाडं आहेतच कुठं आता? कोणासाठी पट्ट्या बनवायच्या?"

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खलातला बत्ता उचलून फडक्यानं पुसायला लागलात, तो स्वच्छच होता. मी दारात थोडी थांबले. तुम्ही वर बघितलं नाहीत. मी निघून गेले. त्यानंतर आपण आठ महिने बोललो नाही. संक्रांतीला मी मेसेज पाठवला, तुम्ही नुसतं नमस्काराचं चित्र पाठवलंत.

तुमच्या भावाचा, उत्तमभाऊंचा फोन आला तेव्हा मी कंपनीत गोळ्याच तपासत होते. "बाईच्या किडन्या गेल्या," ते म्हणाले. "यवतमाळले आन्ली. हप्त्यातून दोनदा मशीनवर ठेवतेत. तुमाले सांगू नको म्हने, पन मी म्हटलं सांगतोच."

तुम्ही पलंगावर टेकून बसल्या होतात. चेहरा सुजलेला. हातातून दोन नळ्या निघून बाजूच्या मशीनमध्ये गेलेल्या, रक्त फिरत होतं. मला बघून तुम्ही पहिलं काय म्हणालात? "ये पाह्य. हे बी गाळनंच हाय."

मी हसले नाही. काय झालं, कसं झालं, विचारत राहिले. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की बीपी होतं, ते कधी तपासलं नाही, उन्हाळ्यात पाणी कमी, आणि वर्षानुवर्षं रोजच्या गोळ्या. सगळं मिळून झालं, पण गोळ्यांनी घाई केली. ते नंतर. तुम्ही आधीच सांगून मोकळ्या झालात, अगदी साध्या आवाजात.

"शीतल, चार नंबर मीच होती."

मला आधी अर्थच लागला नाही. मग पडदा आठवला, पीक आठवलं, आणि माझ्या तोंडातून ओरडूनच निघालं, "मी तीनदा घेतलं होतं रीडिंग! तीनदा!" शेजारच्या पलंगावरचे आजोबा दचकले. नर्स आली. तुम्ही तिला हातानं थांबवलंत.

"तुहं रीडिंग बराबर होतं," तुम्ही म्हणालात. "थेच सांगाचं होतं तुले. लय दिवसापासून सांगाचं होतं. इलेक्ट्रोड चांगलं होतं, पोरी. खराब म्हटलं मी, थे खोटं होतं. एक मानूस कमी पडला म्हनून मीच देल्ली बाटली, वाटलं एक दिवस गोळी सोडली तं काही निंघनार नाही."

"मग काहून? काहून नाही थांबल्या तुम्ही तेव्हाच?"

"डॉक्टर म्हने ऑपरेशन करा, सहा महिने झोपून राहा. मले झोपून राह्यनं जमते का?"

"माझ्या थिसिससाठी..."

"तुह्यासाठी नाही केलं मी," तुम्ही लगेच म्हणालात, जरा जोरातच. "उगा आपल्या आंगावर घेऊ नको. मले उभं राह्याचं होतं. मह्या पायावर. बस."

हे खरं होतं का मॅडम? की मला वाचवायला म्हणालात? तुम्ही गेल्यावर मी तारखा लावून बघितल्या. जीप कलंडली ते आधी, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं ते माझं रजिस्ट्रेशन झाल्यावर तिसऱ्या महिन्यात. तुमचं माझ्यावर प्रेम होतं हे यातून सिद्ध होत नाही, असं तुम्हीच म्हणाल. दोन गोष्टी एकामागं एक आल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही. पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तरी मी तारखा लावत बसते.

राग पण येतो. तो लपवत नाही तुमच्यापासून. ते औषध काय करतं हे तुमच्याइतकं जिल्ह्यात कोणाला माहीत होतं? पक्ष्याची किडनी कशी बसते यावर तुम्ही तासभर बोलायचात, आणि त्या तासाला उभं राहता यावं म्हणून तीच गोळी खाऊन यायचात. आणि मी पुढच्या बाकावर बसून वहीत उतरवून घ्यायचे.

पण त्यानंतरचे पाच महिने तुम्ही मला दिलेत, त्यांचे उपकार मानते. मशीनच्या दिवशी मी सुटीचा अर्ज टाकून यायचे. तुम्हाला पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून मीही तुमच्यासमोर पाणी प्यायचे नाही. ते तुम्ही ओळखलंत आणि खडसावलंत, "नाटकं करू नको. पी." आपण भांडलो नाही असं नाही. माझ्या कंपनीत कशी तपासणी करतात ते ऐकून तुम्ही नाक मुरडायचात. पण आता तुम्ही थकला की मध्येच थांबायचात, आणि जिंकलेलं मला बोचायचं.

मग उत्तमभाऊंचा बैल मेला. आधी आजारी होता, कोणीतरी येऊन सुई टोचली होती, कोणती ते त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही पलंगावरून फोन केलात, "पडीतावर टाकाच्या आंधी काळजाचा तुकडा काढून घे. बर्फात ठेव. शीतल येऊन राह्यली." मला विचारलंही नाहीत. मी गेले.

दुसऱ्या दिवशी मशीन नव्हतं. तुम्ही हट्टानं कॉलेजात आलात. माझ्यानंतर लॅबमध्ये कोणी काम केलं नव्हतं, धूळ बसलेली. तुम्ही खुर्चीवर बसलात. पहिल्यांदाच बसलेल्या बघितलं तुम्हाला त्या खोलीत. मशीनच्या सुया टोचायच्या त्या हातानं काही उचलायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या हातानं बोट दाखवत राहिलात. मी वाटलं, गाळलं, पुन्हा गाळलं. कांडी घासली. थेंब सोडला. तुम्ही म्हणालात, "हात थरथरून राह्यला तुहा." मी मनगट बाकावर टेकवलं.

पडद्यावर रेघ सरकत आली. डायक्लोफेनॅकच्या जागेपर्यंत आली. आणि सरळ पुढं गेली.

"काहीच नाही?" तुम्ही विचारलंत.

"काहीच नाही." मग मी मुद्दाम त्यात मोजून औषध टाकून बघितलं, कांडी आंधळी तर नाही ना म्हणून. लगेच पीक उभं राहिलं. म्हणजे कांडी बघत होती. बैलातच काही नव्हतं.

तुम्ही उत्तमभाऊंना फोन लावलात. "टाक त्याले पडीतावर," म्हणालात. "आले तं खाऊ दे." मग माझ्याकडे वळून, लहान मुलीसारखं, "एक बैल तं चांगला निंघाला ना!"

त्या दिवशी मी तुमची माफी मागायची ठरवून आले होते. गिधाडं आहेतच कुठं, या वाक्याची. शब्द तयार होते. पण तुम्ही इतक्या खूश होतात की मला ते मध्ये आणावंसं वाटलं नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात तुम्हाला ताप होता. त्याच्या पुढच्या सोमवारी, यवतमाळला मशीनवर नेताना, गाडीतच, उत्तमभाऊंच्या खांद्यावर मान टाकलीत. ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. गेलेल्या माणसाला माफी मागून काय होतं ते मला माहीत नाही, पण मागते. माफ करा मॅडम. ते वाक्य मी तुम्हाला दुखवायलाच बोलले होते.

तुमच्या दिवसांना मी तांड्यावर गेले. बायका घरात बसल्या होत्या. उत्तमभाऊंची बायको, जनाकाकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. आयुष्यभर कापूस वेचून गुडघे गेलेले. थोड्या वेळानं त्यांनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडली, पाकिटातून एक गोळी काढली आणि पाण्याचा तांब्या मागितला. मी पाकीट ओळखलं. कंपनीत रोज बघते तसलंच.

"काकू, थांबा. ही रोज खाता?"

"दोन खातो. कधी तीन. मंगच उठता येते."

"कोणी दिली?"

"बाईनंच देल्ती पयले," त्या म्हणाल्या. "आता दुकानातून आनतो."

बाई म्हणजे तुम्ही.  कधी दिली असेल तुम्ही? त्यांचं दुखणं बघवलं नसेल, पर्समध्ये होती, दिली असेल. मी तिथं तुमच्यावर चिडू शकले असते. पण त्या खोलीत सगळ्या तुमच्यासाठी रडत होत्या.

मी काकूंच्या हातातली गोळी काढून घेतली आणि सांगायला सुरुवात केली. तुमच्या किडन्या कशानं गेल्या ते सांगितलं. लघवीच्या बाटल्या, नंबर, पडद्यावरचा उंचवटा, तो कोणाचा निघाला, सगळं. तुम्ही आईला सांगितलं होतं तेवढं सोपं करून सांगायचा प्रयत्न केला. तुमची गोष्ट अशी उघड करायला तुमची परवानगी घेतली नव्हती. नावं कपाटात ठेवायची अशी समितीची अट होती. मी ती मोडली, मॅडम. मुद्दाम मोडली. बायका रडायच्या थांबून ऐकत होत्या. दोघीतिघींचे हात आपापल्या गाठीकडे गेलेले मला दिसले.

जनाकाकूंनी तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "बाईले हे माहीत होतं?"

"हो."

"मंग आमाले काहून नाही सांगतलं तिनं?"

तुमच्या वतीनं काय उत्तर द्यायचं? कामाचं सांगू, कंबरेचं सांगू, की माझ्या थिसिसचं? मला सुचेल ते बोलले. "भ्यायल्या असतील, काकू. तुम्हाला सांगितलं असतं तर स्वतःला पण थांबवावं लागलं असतं."

काकू तुमच्या फोटोकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोल लावतील.

"भ्याली असन," त्या हळूच म्हणाल्या. "मी बी भ्याली आता. गोळी नाही खाल्ली तं उठू कशी, अन् खाल्ली तं मरू का?"

 मी म्हटलं, "ते डॉक्टरला विचारू. दुखण्यावर दुसरं काही असतं, मला पूर्ण माहीत नाही. पण आधी रक्त तपासू. मी येते सोबत."

चार दिवसांनी सकाळी तांड्याच्या फाट्यावरून जीप धरली. जनाकाकू आणि आणखी तिघी. गोळ्यांची सगळी पाकिटं त्यांनी एका पिशवीत गोळा करून आणली होती. दारव्ह्याला रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आले. तिघींचं ठीक होतं, त्यात जनाकाकूही होत्या. चौथीचं, तुमच्या शेजारच्या गल्लीतल्या विमलबाईंचं, क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे किडनी थकायला लागली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला आणि म्हणाले, "वेळेवर आणलं. गोळी आजपासून बंद. यांना सांभाळता येईल अजून."

विमलबाई घाबरल्या होत्या. परत येताना जीपमध्ये त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला आणि रस्ताभर सोडला नाही. त्यांना तुम्ही नीट आठवता. लहानपणी तुमच्यासोबत शेण गोळा करायच्या म्हणे. फाट्यावर उतरताना त्यांनी विचारलं, "बाईचं कळलं नसतं तं मी बी तशीच गेली असती, नाही वं?"

मी हो म्हटलं. एवढं तरी मला खात्रीनं सांगता येत होतं.

तुमची,
शीतल